जुन्या कळपात नव्या कोंबड्या सोडताय? या चुका टाळा

पावसाळा सरला की फोन चालू. "नव्या आणल्यात, जुन्या टोचून टोचून जीव घेतायत, काय करू?" अरे आणायच्या आधी विचारा ना.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आणली की तडक खुराड्यात. मढला ओळखीतले एक काका आहेत, रविवारी बाजारातून तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, घेऊन आले, तुरे लालबुंद, दिसायला एकदम झकास, आणि त्याच संध्याकाळी जुन्यांत सोडून मोकळे. वेगळ्या ठेवा म्हटलं तर म्हणे "जागा कुठाय, मुंबई आहे ही." दोन-चार दिवसांत एक नवी शिंकायला लागली, मग घरच्या जुन्या कोंबड्यांच्या नाकातून पाणी, डोळे सुजलेले, रात्री खुराड्याजवळ गेलं की घरघर ऐकू यायची. डॉक्टर म्हणाले सीआरडी, म्हणजे कोंबड्यांचा जुनाट श्वसनरोग. हा रोग कोंबडी अंगात दाबून बसते आणि प्रवासाचा ताण पडला की वर येतो, औषधाने शिंका थांबतात पण जंतू पूर्ण जात नाही. काकूंची लाडकी गावठी त्यात गेली, काका अजून बोलणी खातात.

म्हणून महिनाभर वेगळं, निदान माझ्याकडे तरी यात सूट नाही. जिन्याखाली पिंजरा ठेवा, गॅलरीत ठेवा, पण हवेशीर आणि जुन्यांपासून लांब. भांडी वेगळी, चप्पल वेगळी, दाणापाणी आधी जुन्यांना मग नव्यांना. शेपटीखालची पिसं बाजूला करून उवा बघा, विष्ठेत रक्त बघा. लस दिलीय का विचारलं तर विकणारा हो म्हणणारच, त्यावर जाऊ नका, मानमोडी (राणीखेत रोग) घुसली तर खुराडं रिकामं होतं.

दुसरं, ते व्हिडिओतलं "रात्री गुपचूप दांडीवर बसवा, सकाळी जुन्यांना कळतच नाही". कळतं हो! कोंबड्या एकमेकींना चेहऱ्याने ओळखतात, उजाडलं की पहिला टोचा तुऱ्यावर. रात्री सोडणं चांगलंच, पण ती शेवटची पायरी. आधी खुराड्यात मधे जाळी लावा, आठ-दहा दिवस एकमेकींना नुसतं बघू दे. जाळीच्या दोन्ही बाजूंनी शेजारी शेजारी निवांत दाणे टिपायला लागल्या की मग जाळी काढा, आणि त्या दिवशी घरी थांबा, ऑफिसला पळू नका. मी पालकाची जुडी टांगून ठेवते, चोची कामाला लागतात. थोडी मारामारी होणारच, कोण वरचढ ते ठरायला लागतं, दर वेळी मधे पडलात तर ते लांबतं. पण रक्त दिसलं की ती कोंबडी लगेच बाहेर, कारण लाल दिसलं की सगळ्या तिथेच टोचतात. जखमेवर जांभळं औषध लावा, लाल रंग झाकला जातो.

बाकी, एकटी कोंबडी आणू नका, निदान दोन आणा. पिल्लं मोठ्यांत सोडू नका, आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य त्यांना तर अजिबात नको, त्यातल्या कॅल्शियमने किडन्या जातात. दाण्याची भांडी दोन, तीही लांब लांब, नाहीतर एक दांडगी भांडं अडवून उभी राहते. जून-जुलैत हा उद्योग करूच नका, पावसामुळे सगळ्या दिवसभर आत कोंडलेल्या, पळायलाही जागा नाही.

आणि हो, या गडबडीत जुन्यांची अंडी थोडे दिवस कमी होतात. त्यासाठी फोन करू नका.