पोरं पाण्यात उतरण्याआधी

एप्रिल लागला की कर्जतच्या घरी भाचरं येणार हे ठरलेलं, आणि माझी पूलची तयारी सुरू होते. शेवाळ, क्लोरीन, पडलेली पानं हे पूलवाल्याचं खातं. मी आधी तळाची जाळी बघते, म्हणजे पंप ज्या तोंडातून पाणी ओढतो त्या ड्रेनचं झाकण.

पंप बंद करायचा, पाणी निवळू द्यायचं आणि गॉगल लावून खाली बुडी मारायची. वरून जाळी नेहमी जागेवरच दिसते. गेल्या वर्षी खाली गेले तर चारपैकी दोन स्क्रू गायब, तिसऱ्याच्या जागी तार पिळलेली, आणि जाळी बोटाने हलत होती. हललेली, तडकलेली किंवा उन्हा-क्लोरीनने ठिसूळ झालेली जाळी असेल तर नवी बसेपर्यंत पूल बंद. "जरा कडेकडेने डुंबतो"सुद्धा नाही. नवी घेताना सपाट ग्रिल नको, पाठ टेकली तरी पूर्ण झाकली जाणार नाही अशी फुगीर घ्या. चांगल्या जाळीवर ती किती प्रवाह सोसते आणि किती वर्षं टिकते हे छापलेलं असतं. पहिला आकडा पंपाशी जुळवून घ्या, आणि बसवल्याची तारीख पंपरूमच्या दारामागे ऑइलपेंटने लिहून ठेवा.

एवढी भानगड कशाला, असं माझा भाऊ विचारतो. ८ इंची उघडं तोंड अंगाने बंद झालं आणि पंपाने हवेच्या दाबाच्या निम्मी ओढ जरी धरली, तरी ती दीडशे किलोंच्या घरात जाते. अमेरिकेत २००२ साली माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ७ वर्षांची नात हॉट टबच्या ड्रेनला अशीच चिकटली. आईच्या ताकदीने ती सुटली नाही. शेवटी दोन पुरुषांनी मिळून ओढलं तेव्हा ड्रेनचं झाकणच तुटलं, पण पोर गेली. २००७ मध्ये तिच्या नावाने तिथे पूल सुरक्षेचा कायदा झाला.

म्हणून एका पंपाला निदान ३ फूट अंतरावर दोन ड्रेन हवेत, आणि दोघांच्या मध्ये बंद करता येईल असा व्हॉल्व्ह नको. एकच ड्रेन असेल तर फिल्टर रात्री चालवा, पोरं पाण्यात असताना पंप बंद. भिंतीतल्या व्हॅक्यूम पॉइंटला (तळ साफ करायचा पाइप जोडतात त्या तोंडाला) टोपण आहे ना, तेही बघा. तो पोरांच्या हाताच्या उंचीवर असतो.

लांब केस घट्ट बांधून टोपीत. केस जाळीमागे गुंततात, पंप बंद केला तरी गाठ सुटत नाही. काठावर कात्री टांगलेली असू द्या.

कुणी अडकलंच तर आधी पंप बंद, मग ओढाओढ न करता अंग आणि जाळी यांच्यामध्ये बोटं सारून, कुशीवर वळवत सोडवायचं. पण स्विच कुलूपबंद खोलीत आणि किल्ली केअरटेकरच्या खिशात असेल तर? आमच्याकडे तसंच होतं. आता लाल स्विच बाहेर, शॉवरशेजारी आहे. परवा ९ वर्षांच्या भाचीला पळत जाऊन तो पाडायला लावला. पहिल्यांदा तिने बागेतला दिवा बंद केला.