‘एज ऑफ एम्पायर्स २’ आज पुन्हा खेळायला बसताना

१९९९ साली एन्सेम्बल स्टुडिओज या अमेरिकी कंपनीने तयार केलेला आणि मायक्रोसॉफ्टने बाजारात आणलेला ‘एज ऑफ एम्पायर्स २ : द एज ऑफ किंग्ज’ हा गाव वसवून साम्राज्य उभारण्याचा आणि लढण्याचा संगणकावरचा खेळ गोव्यात आमच्या पिढीने पाहिला तो बहुतेक सायबर कॅफेतच. फोंड्याला आमच्या घरापासून जवळ असलेल्या कॅफेत सहा संगणक होते, त्यांपैकी दोनांवरच हा खेळ होता आणि शाळा सुटली की त्या दोन खुर्च्यांसाठी आमची भांडणे होत. आज ती मुले चाळिशीला टेकली आहेत आणि प्रत्येकाच्या घरी स्वतःचा लॅपटॉप आहे. त्यांतले कित्येक जण हौसेने हा खेळ उतरवून घेतात, दोन संध्याकाळी खेळतात आणि पूर्वीची मजा राहिली नाही असे म्हणून बाजूला ठेवतात. माझ्या मते मजा होती तिथेच आहे. आपण ती लढाईत शोधतो, आणि ती आहे हिशोबात. या खेळात हरलेल्या प्रत्येक डावाचे कारण बोट ठेवून दाखवता येते, आणि एकदा ते शोधण्याची गोडी लागली की खेळ जुना झाला आहे हे लक्षातही येत नाही. पुढे सांगितलेली पद्धत ही गोडी लागावी म्हणून आहे. स्पर्धा जिंकण्यासाठी ती नाही.

आधी कोणती आवृत्ती घ्यावी ते पाहू. जुनी सीडी कपाटात सापडली तरी तिच्या नादी लागू नये, कारण आजच्या रुंद पडद्यांवर आणि नव्या विंडोजवर ती चालवण्याच्या खटपटीतच उत्साह संपतो. २०१९ मध्ये आलेली ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ घ्यावी. तिच्यासोबत अतिस्पष्ट चित्रांचा एक वेगळा, मोफत संच मिळतो; साधा लॅपटॉप असेल तर तो उतरवू नये, त्यावाचून खेळात काहीही उणे होत नाही. खेळ आपोआप जतन होण्याची सोय मात्र सुरू आहे ना, ते पहिल्याच दिवशी तपासावे. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला की आमच्याकडे वीज जाते, आणि लॅपटॉपची बॅटरी थकलेली असेल तर तासाभराचे साम्राज्य एका क्षणात अंधारात जाते. हे मी दोनदा भोगले आहे.

आता खेळाकडे वळू. सुरुवातीला आपल्याजवळ एक टाऊन सेंटर म्हणजे गावाची मुख्य इमारत, तीन व्हिलेजर, एक टेहळणी करणारा घोडेस्वार आणि २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोने व २०० दगड एवढे भांडवल असते. व्हिलेजरला मी गावकरी म्हणतो, आणि हा शब्द गोव्यात वापरताना थोडे हसू येते, कारण आपल्याकडे गावकरी ही गावच्या जमिनीचा सामाईक कारभार पाहणारी जुनी संस्था होती, जिला पुढे पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटले. खेळातले गावकरीही तसेच आहेत: शेत, लाकूड, खाण, घरबांधणी, सगळे त्यांच्याच हातून होते आणि त्यांच्याखेरीज राजाला काही किंमत नाही. एक गावकरी ५० अन्नात मिळतो आणि खेळाच्या घड्याळाने २५ सेकंदांत तयार होतो. म्हणून पहिला नियम हा की टाऊन सेंटर रिकामे बसू द्यायचे नाही. डाव सुरू होताच एच दाबून टाऊन सेंटर निवडावे आणि क्यू चार वेळा दाबावे. २०० अन्नात चार गावकरी रांगेत लागतात. दोन गावकऱ्यांना एक घर बांधायला लावावे, तिसऱ्याला दुसरे. घराला २५ लाकूड लागते आणि त्यात पाच माणसांची सोय होते. घर वेळेवर बांधले नाही तर गावकरी जन्मायचेच थांबतात, आणि नवख्या माणसाचे निम्मे नुकसान इथेच होते.

घोडेस्वाराला टाऊन सेंटरभोवती वाढत्या घेरात फिरवावे. आपल्या वाट्याच्या मेंढ्या, दोन रानडुकरे, बोरांची झुडपे, सोन्याची खाण आणि दगड कुठे आहेत हे त्यालाच शोधायचे असते. पहिले सहा जण मेंढ्यांवर घालावेत, पुढचे चार लाकडावर, आणि त्यानंतर रानडुकराची वेळ येते.

रानडुकराविषयी सविस्तर लिहितो, कारण या खेळाचा स्वभाव त्या एका मिनिटात कळतो. एका डुकरात ३४० अन्न असते, म्हणजे तीन मेंढ्यांहून जास्त, आणि ते सोडून देणे परवडत नाही. एक गावकरी एकटा पाठवावा, त्याने दोन बाण मारावेत आणि लगेच मागे वळून टाऊन सेंटरकडे पळत सुटावे. डुक्कर चिडून मागे लागते, आणि ते सावलीत पोहोचले की तिथे मेंढ्यांवर बसलेल्या सगळ्यांनी मिळून त्याला पाडावे. दुसरा बाण मारायला उशीर झाला किंवा गावकरी वाटेत झाडात अडकला तर तो मरतो. डुक्कर फार जवळ आले असेल तर गावकऱ्याला टाऊन सेंटरच्या आत घ्यावे आणि दुसऱ्याने डुकराला ओढून घ्यावे. गेली तीन वर्षे मी हे जवळजवळ रोज करतो आहे आणि अजूनही त्या क्षणी माझा श्वास अडकतो. सैन्याचे नाव नाही, शत्रू दूर आहे, नकाशा काळोखात आहे, आणि तरी एका गावकऱ्याच्या पळण्यावर पुढचा डाव ठरतो. नव्या खेळांत चित्रे कितीतरी सुंदर असतात, पण इतक्या साध्या गोष्टीवर इतका जीव टांगणीला लागणे मला फारसे कुठे सापडलेले नाही.

डुकरे संपत आली की बोरांजवळ गिरणी आणि मग शेते. एका शेताला ६० लाकूड लागते, त्यामुळे अन्न कमी पडते आहे असे वाटले की खरा दोष बहुधा लाकडात सापडतो. जुन्या खेळात शेत संपले की पुन्हा पेरणी करण्याची आठवण आपणच ठेवायची असे. आता ती आपोआप होते, आणि जुन्या जाणत्यांनी याबद्दल नाक मुरडले तरी मला ही सुधारणा मान्य आहे. एकवीस-बावीस गावकरी झाले की ५०० अन्न देऊन फ्युडल युगात, म्हणजे खेळाच्या पुढच्या टप्प्यात, जावे, तिथून ८०० अन्न व २०० सोने देऊन कॅसल युगात, आणि शेवटी १००० अन्न व ८०० सोने देऊन इम्पीरियल युगात. नवशिक्याने मिनिटे मोजत बसू नये. तज्ज्ञांची तयार वेळापत्रके पाठ करण्याचा मोह होतो, पण ती पाठ केली की खेळ गृहपाठासारखा वाटू लागतो. तीनच गोष्टी पाहाव्यात: टाऊन सेंटर चालू आहे का, कोणी गावकरी रिकामा उभा आहे का, आणि एखादी वस्तू उगाच साठून पडली आहे का. रिकामा गावकरी शोधायला पूर्णविरामाची कळ दाबली की तो थेट समोर येतो. ही एक कळ शिकलात तरी तुमचा खेळ सुधारेल.

सैन्याचे गणित त्यामानाने सोपे आहे. भालाईत घोडेस्वाराला मारतो, तिरंदाज भालाइताला, स्कर्मिशर म्हणजे हलके भाले फेकणारा शिपाई तिरंदाजाला, आणि घोडेस्वार स्कर्मिशरला. समोरचा काय तयार करतो आहे ते आधी पाहावे आणि त्याचा उतारा तयार करावा. दहा प्रकारचे थोडे थोडे सैन्य उभे करणे ही आमची लहानपणची चूक होती. दिसायला ती मिरवणूक छान दिसे आणि पहिल्या चकमकीत संपे.

बाजार या इमारतीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. तिथे शंभराच्या मापाने लाकूड, अन्न वा दगड विकून सोने मिळते आणि सोने देऊन ते विकतही घेता येतात, पण सुरुवातीला त्यावर ३० टक्के दलाली कापली जाते. शिवाय तुम्ही जे विकता त्याचा भाव प्रत्येक विक्रीबरोबर उतरतो आणि जे घेता त्याचा चढतो. सगळ्या खेळाडूंसाठी भाव एकच असतो, त्यामुळे दुसऱ्या कोणी आधीच लाकूड ओतले असेल तर तुम्हाला ते मातीमोल विकावे लागते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुपारनंतर भाजी घेऊन बसलेल्या बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही. अडचणीत शंभर-दोनशेची देवघेव करावी, त्याची सवय मात्र लावून घेऊ नये.

कोणती संस्कृती निवडावी, हा प्रश्न मला भाचा नेहमी विचारतो. माझे उत्तर एवढेच की एक निवडावी आणि दोन महिने बदलू नये. गोव्यातल्या माणसाला पोर्तुगीज घेण्याचा मोह किंवा ते न घेण्याचा हट्ट, यांपैकी एक होतोच. २०१५ च्या एका विस्तारात, म्हणजे मूळ खेळाला जोडलेल्या पुरवणीत, ते खेळात आले. त्यांच्या सैन्याला सोने २० टक्के कमी लागते, जहाजे अधिक चिवट असतात आणि फेइतोरिया नावाची त्यांची एक इमारत आपोआप थोडे थोडे सर्व काही देत राहते, पण वीस माणसांची जागा अडवते. वखार म्हणजे काय हे इतक्या नेमकेपणाने सांगणारी दुसरी इमारत खेळात नाही. त्यांच्या मोहिमेचा नायक फ्रान्सिस्को द आल्मेदा आहे, जो १५०५ मध्ये पोर्तुगीजांचा हिंदुस्थानातला पहिला व्हाइसरॉय झाला. आल्बुकर्कने गोवा घेतला तो त्यानंतर, १५१० मध्ये. भारतातल्या संस्कृती हव्या असतील तर २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या विस्तारात बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले आहेत आणि राजेंद्र चोळाची मोहीमही आहे. अगदी नव्याने शिकणाऱ्याने मात्र मूळ खेळातली विल्यम वॉलेसची मोहीम आधी करावी, ती शिकवण्यासाठीच लिहिलेली आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. डाव हरलात की लगेच दुसरा सुरू करू नये. झालेल्या डावाची नोंद खेळ स्वतःच ठेवतो, ती उघडावी आणि आपला डाव त्रयस्थासारखा पाहावा. गेल्या चवथीला घर भरलेले असताना मी संगणकाशी खेळत होतो आणि चांगलाच मार खाल्ला. सैन्य कमी पडले असे मी ठामपणे म्हणालो. बारा वर्षांच्या भाच्याने नोंद उघडली, पाहत राहिला आणि म्हणाला, “मामा, हे सहा जण इथं किती वेळ उभे आहेत बघ.” सोन्याची खाण संपली होती आणि तिच्याजवळ सहा गावकरी जवळजवळ चार मिनिटे हात बांधून उभे होते; मी त्या वेळात शत्रूच्या भिंतीवर घोडे आपटत होतो. चार मिनिटांत सहा माणसांनी किती सोने आणले असते आणि त्यात किती घोडेस्वार झाले असते, याचा हिशोब आम्ही नेवऱ्या खाता खाता कागदावर मांडला. तो डाव जिंकलो असतो तर मला आज आठवलाही नसता.

संगणकाशी खेळताना पातळी अशी ठेवावी की तीनपैकी एक डाव आपण हरू. जुन्या आवृत्तीत सर्वांत अवघड पातळीवर संगणकाला फुकटची संपत्ती मिळत असे, त्यामुळे हरण्यात अर्थ नव्हता. नव्या आवृत्तीतला संगणक आपल्याइतक्याच भांडवलात खेळतो. इंटरनेटवर अनोळखी माणसांशी खेळायला घाई करू नये. त्यापेक्षा चार मित्र दोन-दोन करून महिन्यातून एकदा बसले तर बरे, आणि चॅटमध्ये ११ टाइप केले की ऐकू येणारे ते कुत्सित हसू आपल्या मित्राकडून आलेलेच चांगले लागते.

एवढे झाल्यावर नकाशे बनवण्याचे साधन उघडून पाहावे. ते १९९९ पासून खेळातच आहे. मी त्यात गोव्याचा तिसवाडी तालुका काढला: उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी, दोन्हींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा, आणि मांडवीत दिवाडी व चोडण ही बेटे. जमिनीचा आणि पाण्याचा रंग ब्रशाने भरत जायचा असतो, त्यामुळे ओबडधोबड नकाशा एका दुपारी होतो. पहिल्या चाचणीत मुख्य भूमीवरचे संगणकाचे सैन्य कालव्याच्या काठावर येऊन मुकाट उभे राहिले, कारण मी सगळीकडे खोल पाणी भरले होते. मग दोन ठिकाणी उथळ पाणी टाकले, ज्यातून पायदळही उतरते आणि जहाजेही जातात. चोडणला मात्र मी मुद्दाम उतार ठेवलेला नाही. तिथे जायचे तर सैनिकांना जहाजात भरून, रायबंदरच्या धक्क्यावर फेरीची वाट पाहावी तसे, खेपा करीत न्यावे लागते, आणि अर्धे सैन्य या तीरावर असताना हल्ला झाला की भाचा अजून ओरडतो.