सर्दी गेली, खोकला राहिला: या चुका टाळा

ताप उतरला, नाक मोकळं झालं, पण रात्री पाठ टेकली की ढास सुरू. विषाणूंनी श्वासनलिकेचं अस्तर सोलवटून टाकलेलं असतं. ते भरून यायला तीन आठवडे सहज लागतात, कधी आठही. तोवर मिरचीची फोडणी, उदबत्ती, पंख्याचा थेट वारा यांपैकी काहीही उबळ आणायला पुरतं. म्हणून औषधाआधी धूर थांबवा, विशेषतः बंद खोलीतली डासांची कॉइल आणि विडी-सिगारेट.

घरात उरलेली अँटिबायोटिकची पट्टी काढू नका. बेडका पिवळा-हिरवा दिसला म्हणजे जिवाणूच आहेत असं नाही; तो रंग पांढऱ्या पेशींमुळेही येतो. खोकल्याचं सिरप आणि सर्दीची गोळी एकत्र घेतानाही जपा. दोन्हींत बरेचदा तेच गुंगी आणणारं औषध असतं, आणि डोस नकळत दुप्पट होतो. मोठ्यांचं सिरप अर्धं करून मुलांना देणं तर धोक्याचंच. पाच वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुठलंच सिरप नको.

झोपताना चमचाभर मध चांगला, पण एक वर्षाखालच्या बाळाला बोटभरही चाटवू नये. त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषानं स्नायू लुळे पाडणारा आजार, होऊ शकतो. ज्येष्ठमधाची काडी दिवसभर चघळल्यानं रक्तदाब वाढतो, बीपीच्या रुग्णांनी ती टाळावी. उकळत्या पाण्याचं पातेलं मुलांपुढे ठेवून वाफ देऊ नका, ते कलंडून भाजतं. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्या तरी घसा शांत होतो.

रात्री जेवून लगेच आडवं झालं की आम्ल वर येऊन खोकला लांबतो. दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनीही कोरडा खोकला लागतो. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर दम्याची तपासणी हवी.

सगळ्यात महागात पडते ती 'सर्दीचाच आहे' म्हणत महिनोन्‌महिने काढण्याची चूक. सर्दीनंतरचा खोकला लांबू शकतो हे खरं, तरी दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते. नमुना देताना नुसती थुंकी उपयोगाची नाही. सकाळी काही खाण्याआधी साध्या पाण्यानं चूळ भरा, दोन-तीन खोल श्वास घ्या, छातीतून खोकून बेडका थेट डबीत काढा. हे मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर करा. संध्याकाळचा ताप, घटतं वजन, बेडक्यात रक्त किंवा धाप असेल तर दोन आठवडेही थांबू नका.