मार्व्हल भरकटलंय का? वही घेऊन तपासा

‘एंडगेम’नंतर मार्व्हलच्या सुपरहिरो चित्रपट-मालिकांची कथा भरकटली, अशी तक्रार असते. ती तपासायची तर तुलना कशाशी करायची, हे आधी ठरवा. इथेच बहुतेकांची गल्लत होते. ‘एंडगेम’ (2019) हा अकरा वर्षांच्या कथेचा कळस, बाविसावा चित्रपट. त्याच्या शेजारी कुठलाही नवा चित्रपट फिकाच दिसणार. पायाची तुलना पायाशी करा: पहिली फेज, म्हणजे कथेचा पहिला टप्पा (2008 ते 2012, 6 चित्रपट) आणि चौथी फेज (2021-22, 7 चित्रपट, 8 मालिका, 2 विशेष भाग).

वहीत चार रकाने आखा: काय पेरलं, कुठे, कुठे उगवलं, किती वर्षांनी. श्रेयनामावलीतले सीन आधी नोंदवा, कारण मार्व्हल आपली वचनं तिथेच देतं. महाखलनायक थॅनोस 2012 मध्ये दिसला आणि खरा उभा राहिला 2018 मध्ये. सहा वर्षं गेली, पण मधे 2014 मध्ये त्याची आठवण करून दिली होती. म्हणजे उशीर हा दोष नाही, विसर पडू देणं हा दोष. आता चौथी फेज भरा. ‘इटर्नल्स’मध्ये (2021) हिंदी महासागरातून प्रचंड सेलेस्टियल (देवासारखा महाकाय जीव) वर आला, कथेत त्याचा खरा उपयोग झाला 2025 मध्ये. शांग-ची या नायकाच्या जादुई कड्यांचा संकेत कुणाला जातोय? श्रेयनामावलीत दाखवलेली हर्क्युलीस आणि क्लिया ही पात्रं कुठे गेली? 2025 संपलं तरी हे रकाने कोरेच.

मग एखादं पात्र घ्या आणि आधीच्या भागातला त्याचा शेवटचा सीन नव्या भागातल्या पहिल्या सीनला लावून पाहा. ‘वांडाव्हिजन’ मालिकेच्या शेवटी नायिका वांडा आपली चूक मान्य करून गाव सोडते, 2022 च्या डॉक्टर स्ट्रेंजच्या चित्रपटात ती थेट खलनायिका. मधलं वळण एका छोट्या सीनमध्ये, डार्कहोल्ड हे काळ्या जादूचं पुस्तक वाचण्यात उरकलंय. उलट ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’तला रॉकेट पाहा: 2014 मध्ये त्याच्या पाठीवरच्या धातूच्या खुणा दिसतात, त्यांचं पूर्ण उत्तर 2023 मध्ये मिळतं. ‘गार्डियन्स’चे तिन्ही चित्रपट दिग्दर्शक जेम्स गनचे. एका हातात सूत्र राहिलं की काय होतं, ते इथे दिसतं.

तिसरी चाचणी सगळ्यात बोलकी आहे. मालिका न पाहिलेल्या कुणालातरी ‘द मार्व्हल्स’ची (2023) पहिली 20 मिनिटं दाखवा आणि त्यांचे प्रश्न लिहा. त्यातल्या नायिकांपैकी मोनिकाला शक्ती कुठून मिळाली, ते ‘वांडाव्हिजन’मध्ये, कमलाचं घर ‘मिस मार्व्हल’ मालिकेमध्ये. चित्रपटातच उत्तर मिळालं नाही, अशा प्रश्नांवर फुली मारा.

गल्ल्याचा आकडा या वहीत नको. ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ने (2024) 130 कोटी डॉलरच्या वर कमावले, पण त्यातून मुख्य कथा फारशी पुढे सरकली नाही.

बाहेरची कारणंही वेगळी काढा. थॅनोसनंतरचा महाखलनायक म्हणून आणलेला कँग साकारणाऱ्या जोनाथन मेजर्सला डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने दोषी ठरवल्यावर मार्व्हलने त्याला वगळलं. तो लेखनाचा दोष नव्हे. पण त्याआधीच, फेब्रुवारीत, अँट-मॅनच्या तिसऱ्या चित्रपटात हाच पुढचा महाखलनायक मुंग्यांपुढे कोलमडला, तो दोष नक्कीच लेखनाचा.

एवढं भरल्यावर 2021 ते 2023 या काळात सूत्र सुटलं होतं, हे स्पष्ट दिसतं, आणि कारण वेगाचं आहे. 2024 मध्ये मार्व्हलची मालक कंपनी डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी वर्षाला दोन, फार तर तीन चित्रपट आणि साधारण दोन मालिका अशी मर्यादा जाहीर केली. म्हणून 2025 पासूनच्या नोंदी नव्या पानावर घ्या आणि जुने कोरे रकाने त्यात मिसळू नका.