नव्या लेआउटची पाण्याची लाइन : पैसे कमानीबाहेर लागतात! या चुका टाळा

आमच्या कॉलनीच्या कमानीवर डेव्हलपरने सिमेंटचे दोन हंस बसवले होते. कमान उभी राहिली, हंस रंगवून झाले, रस्त्यांवर खडी-डांबर पडलं, १२० पैकी ७० प्लॉट विकले गेले. मग कधीतरी कुणाच्या तरी डोक्यात आलं, नळाला पाणी येणार कुठून? आत सगळ्या गल्ल्यांतून चार इंची पाइप फिरवलेला होता. तो कमानीपर्यंत आला होता आणि तोंडाला टोपी लावून तिथेच थांबला होता. नगरपालिकेची सगळ्यात जवळची लाइन तिथून साडेआठशे मीटरवर, तीही हायवेच्या पलीकडे.

मी जन्मभर पाणीपुरवठ्यात नोकरी केली. प्लॉट घेताना मीही हे विचारलं नाही. तेव्हा पुढे जे लिहितोय त्यात माझाही वाटा आहे, असं समजून वाचा.

आपल्या खानदेशात वाघूर भरलं, हतनूरचे दरवाजे उघडले की बातमी होते. नव्या कॉलनीच्या नळाला त्याने काही फरक पडत नाही. धरण आणि नळ यांच्यामधल्या लाइनीत कुणीतरी पैसे घालावे लागतात, आणि ते कुणी घालायचे हे पहिला प्लॉट विकण्याआधी कागदावर आलं नाही, तर नंतर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

कमानीच्या आतलंच इस्टिमेट

ही सगळ्यात महाग चूक. डेव्हलपरचं इस्टिमेट म्हणजे आतल्या गल्ल्यांची लांबी गुणिले पाइपाचा दर. खरा खर्च कमानीबाहेर असतो: मुख्य लाइनपासून कमानीपर्यंतची फीडर लाइन, टॅपिंग (मुख्य लाइनला घ्यायचा जोड), व्हॉल्व्ह, चेंबर, फोडलेला रस्ता परत करून देण्याचे पैसे. त्यात वाटेत हायवे किंवा रेल्वे आली तर विषयच वेगळा होतो. धुळे, जळगाव, भुसावळ ही तिन्ही शहरं राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे आपल्या जुन्या ६ नंबरवर आहेत, आणि वस्ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाढतेय. भुसावळला तर रुळांचं जाळंच आहे. हायवे वरून खोदू देत नाहीत. खालून आडवं भोक पाडून लोखंडी केसिंग सरकवायची आणि तिच्यातून आपला पाइप न्यायचा. परवानगी वेगळी, अनामत वेगळी, आणि रेल्वेचं पत्र यायला लागणारे महिने वेगळेच. आमच्या हायवे क्रॉसिंगला आतल्या दोन गल्ल्यांच्या लाइनीइतका खर्च आला.

यावर उपाय साधा आहे. लेआउटच्या नकाशावर सही होण्याआधी पाणीपुरवठा विभागाकडून लेखी घ्या, की टॅपिंग कोणत्या लाइनवर, कोणत्या ठिकाणी आणि किती व्यासाचं मिळणार. तो बिंदू नकाशावर लाल शाईने दाखवा, तिथपासून मोजा आणि आलेली रक्कम प्लॉटच्या भावात घाला. टाकीसाठी जागा लागणार असेल तर तीही तेव्हाच दाखवा. एकदा प्लॉट विकले की टाकीपुरती जागा कुणी सोडत नाही.

‘विकास शुल्क भरलंय ना!’

हे वाक्य मी नोकरीत असताना हजार वेळा ऐकलं असेल. विकास शुल्क नगररचना अधिनियमाखाली घेतलं जातं, १९९२ पासून. तो पैसा सगळ्या शहराच्या विकासाचा. तुमच्या गल्लीत अमुक तारखेला लाइन टाकून देऊ, असं त्या पावतीवर कुठेही लिहिलेलं नसतं. गुंठेवारीचंही, म्हणजे मंजुरीविना गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेल्या प्लॉटांचंही तेच. मूळ कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करायची सोय झाली. लोकांनी पैसे भरले, घर नियमित झाल्याचा कागद फ्रेम करून लावला, आणि पाण्यासाठी टँकरवाल्याचा नंबर अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.

‘योजनेत बसवून घेऊ’

नेत्याने सभेत हे म्हटलं की टाळ्या पडतात. योजना आहेत, खोट्या नाहीत. अमृत २.० ही शहरांच्या पाण्यासाठीची केंद्राची योजना १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाली आणि लहान शहरांनाही खुली झाली. लाखाच्या आतल्या शहराला केंद्राचा वाटा निम्मा, एक लाख ते दहा लाखांपर्यंत एक तृतीयांश. २०११ च्या जनगणनेत अमळनेर, चाळीसगाव लाखाच्या आत होते. भुसावळ, नंदुरबार वर. केंद्राचा पैसा २०, ४०, ४० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो. पहिल्या हप्त्याचं काम दिसल्याशिवाय दुसरा सुटत नाही, आणि स्थानिक हिस्सा भरायला पालिकेच्या तिजोरीत पैसे नसतील तर काम तिथेच अडकतं.

पण खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. जो लेआउट अजून पालिकेकडे हस्तांतरितच झालेला नाही, त्याच्या आतल्या लाइनीवर सरकारी पैसा टाकायला अधिकारी धजत नाही, कारण पुढे हिशेब-तपासणीत त्यावर आक्षेप निघतो. डेव्हलपर म्हणतो पालिका करेल, पालिका म्हणते आधी ताब्यात द्या, आणि ताब्यात देण्यासाठी आधी लाइन पूर्ण हवी. या फेऱ्यात मी एक कॉलनी नऊ वर्षं फिरताना पाहिली आहे.

हद्दीबाहेर ग्रामपंचायतीत प्लॉट पाडले असतील तर जलजीवन मिशनचं, म्हणजे खेड्यांतल्या नळपाण्याच्या योजनेचं नाव निघतं. तिथे माणशी रोज ५५ लिटर धरलेले असतात, आणि साधारणपणे योजनेची लोकसंख्या मूळ गावावरून काढलेली. मळ्यात उगवलेल्या दीडशे बंगल्यांचा त्या आराखड्यात पत्ता नसतो. मग लाइन जोडली तरी गावाच्या वाट्याचं पाणी ओढलं जातं आणि भांडण लागतं. ‘हद्दवाढ झाली की बघू’ हाही असाच एक आधार. धुळ्याच्या हद्दवाढीत २०१८ साली वलवाडी, महिंदळे, अवधान अशी गावं महापालिकेत आली. हद्द अधिसूचनेने एका दिवसात सरकते. पाइप मात्र मीटर मीटरनेच पुढे जातो.

कागदावर पुरतो, नळाला पुरत नाही

आता फीडर लाइनच्या ज्या चुकीवर माझी स्वतःची सही आहे, ती सांगतो.

आमचे १२० प्लॉट. घरी पाच माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोजचे ८१ हजार लिटर. गळती १५ टक्के धरली की साधारण ९५ हजार. नियमाप्रमाणे गर्दीच्या वेळेसाठी तिप्पट धरायचं. सेकंदाला सव्वातीन लिटर येतात. ११० मिलिमीटरचा पाइप, म्हणजे बोलीतला चार इंची, आरामात सात-आठ लिटर नेतो. हिशेब बरोबर, डिझाइन मंजूर.

फक्त हा हिशेब चोवीस तास पाणी असणाऱ्या गावाचा आहे. आमच्याकडे पाणी दोन दिवसांआड येतं, दोन तास. म्हणजे तीन दिवसांचे २ लाख ८५ हजार लिटर त्या दोन तासांत घरोघरच्या हौदांत पडायला हवेत. सेकंदाला चाळीस लिटर! चार इंचीतून तेवढं पाणी यायला दहा तास लागतील. आठ इंची टाकला असता तर अडीच तासांत काम झालं असतं. खोदाई, वाळू, माती भरणं, मजुरी ही चार इंचीला आणि आठ इंचीला फार वेगळी पडत नाही. फरक पडतो तो पाइपाच्या किमतीत. आणि चाराचा सहा इंची केला तरी त्याच दाबाला जवळजवळ तिप्पट पाणी जातं. हे मला पाठ होतं. तरी इस्टिमेट कमी दिसावं म्हणून मी गप्प बसलो.

दुसरा मार्ग आहे: लाइन बारीक ठेवायची आणि आपल्या आवारात तीन दिवसांचं पाणी मावेल अशी जमिनीतली टाकी बांधायची. ती सावकाश भरत राहते, तिथून पंपाने वाटायचं. पण मग लाइटबिल कुणाच्या नावावर, पंप जळला तर पैसे कुणाचे, हे आधी ठरवा. टाकी बांधून झाली आणि मीटर कुणी घेईना, असं एका ठिकाणी झालंय. त्या टाकीत आता पोरं क्रिकेटचं सामान ठेवतात.

वर्गणी : राहणारा भरतो, सुरतवाला सुटतो

डेव्हलपर पांगला की लाइन वर्गणीतून होते. आमच्याकडे घर बांधलेले ४२ जण, बाकीचे प्लॉट मोकळे, आणि मालक सुरतला, नाशिकला, पुण्याला. ४२ जणांनी भरले. पुढच्या तीन वर्षांत मोकळ्या प्लॉटवर घरं झाली आणि त्यांनी त्याच लाइनवर नळ घेतले. ‘आप्पा, लाइन तर आता पालिकेची ना?’ असं मला एकाने तोंडावर विचारलं.

पांझरेकाठच्या जुन्या फड पद्धतीत बंधारा-पाटाचा खर्च आणि श्रम जमिनीच्या प्रमाणात सगळे उचलत. कॉलनीतही तेच करा. वर्गणी घरामागे घेऊ नका, प्लॉटच्या क्षेत्रफळावर घ्या. मोकळ्या प्लॉटवरही लावा. सोसायटी नोंदवून घ्या, ठराव करा की उशिरा जोडणाऱ्याने मूळ रक्कम आणि त्यावर ठरलेली वाढ भरायची, आणि प्लॉट विकताना सोसायटीचा ना-हरकत दाखला मागायची सवय लावा. पैसे संयुक्त खात्यातच. रोख घेतलेल्या वर्गणीचा हिशेब मी आजवर जुळलेला पाहिला नाही.

आणि डेव्हलपरला इतक्या सहज सोडू नका. प्लॉट पाडून विकायचा प्रकल्प ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर त्यालाही रेरा, म्हणजे घर-प्लॉट घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, लागू आहे. जाहिरातीत ‘नळाचं पाणी’ छापलं असेल तर ते पान जपून ठेवा, कलम १२ त्याच्यासाठीच आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत सेवासुविधांत दोष निघाला तर कलम १४ प्रमाणे तो त्याने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. लोक मात्र चौथ्या वर्षापर्यंत त्याला चहा पाजत बसतात.

पाणी येत नाही? आधी गेज लावा, मग पैसे काढा

दाब कमी झाला की कॉलनीची बैठक बसते आणि नवीन लाइन टाकायचा ठराव होतो. थांबा. प्रेशर गेज हार्डवेअरच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतं.

मे महिन्यातली गोष्ट. पहाटे साडेचारला मी आणि व्हॉल्व्हमन कमानीपाशी चेंबरमध्ये उतरलो. आदल्या दिवशी घरोघरी जाऊन सांगितलं होतं, पहिली पंधरा मिनिटं टिल्लू पंप लावू नका. व्हॉल्व्ह उघडला, काटा हलला आणि एकवर थांबला. एक किलो दाब म्हणजे पाणी दहा मीटर वर चढेल इतका. एकमजली घराला नळापाशी सात मीटर पुरतात, म्हणजे बाहेरून येणारा दाब ठीक होता. मग शेवटच्या गल्लीत गेज लावलं : ०.३. वर गॅलरीतून एक म्हातारी ओरडली, ‘भाऊ, नळले पानी कधळ येई?’ कधी येणार ते त्या काट्यावरच दिसत होतं. दोष आत होता. मधला एक व्हॉल्व्ह अर्धा बंद सापडला, चढावर पाइपात कोंडलेली हवा सोडणारा एअर व्हॉल्व्हच नव्हता. नवी लाइन टाकायला निघालेली कॉलनी प्लंबरच्या एका दिवसाच्या बिलात सुटली.

कमानीपाशीच काटा ०.७ च्या खाली असेल तर मात्र आत एक रुपयाही घालू नका. तेच आकडे तारीख-वेळ टाकून पालिकेला लेखी द्या. आणि टिल्लू चालू होताच नळातून काळं पाणी येत असेल, तर लाइनचा एखादा जोड उघडा आहे आणि पंप गटाराचं पाणी आत ओढतोय. त्याच दिवशी खोदा, हे वर्गणीची वाट पाहायचं काम नाही.

माती, ऊन आणि बिलं

आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पाइपाखाली आणि भोवती वाळू किंवा बारीक मुरूम नसेल तर जोड उघडतात. एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप एप्रिलच्या भर दुपारी ताणून जोडू नका. वीस अंश उतरले की शंभर मीटरला तीस-चाळीस सेंटिमीटर आखडतो. पाइपावर भारतीय मानकाचा नंबर, आयएस ४९८४ किंवा पीव्हीसीला आयएस ४९८५, छापलेला बघा. जळगाव जिल्ह्यात शेतीचा स्वस्त पाइप हाताशी असतो, म्हणून तो पिण्याच्या लाइनीत खपवायचा मोह होतो. खोदाई जूनमध्ये काढू नका, चर ढासळतो.

ठेकेदाराला पैसे टप्प्याने द्या. दाबाची चाचणी, कामाच्या दाबाच्या दीडपट, माती लोटण्याआधी तुमच्यासमोर व्हायला हवी. चाचणीचा कागद आणि प्रत्यक्ष टाकलेल्या लाइनचा नकाशा हातात आल्याशिवाय मोठं बिल काढू नका, कारण हस्तांतरणाच्या वेळी पालिका हेच दोन कागद मागते. फीडर लाइन केली तेव्हा आम्ही ठेकेदाराचे शेवटचे दहा टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत अडकवून ठेवले. तो चिडला, पोळ्यापर्यंत फोनही उचलत नव्हता. त्या पावसाळ्यात तीन जोड उघडले आणि तिन्ही त्यानेच येऊन, स्वतःच्या पैशाने बसवून दिले.