सी प्रोग्राममधून फाइल डिलीट होत नाही? या चुका टाळा

फाइल समोर दिसतेय, स्पेलिंग दोनदा तपासलंय, प्रोग्राम गुपचूप चालून संपतो आणि फाइल जागच्या जागी. फाइल डिलीट करणाऱ्या रिमूव्ह फंक्शनला नावं ठेवण्याआधी एक सांगा, त्यानं परत काय दिलं ते पाहिलंत का? काम झालं तर 0, नाही तर दुसरं काहीतरी. ते तपासायला एक इफ लावा आणि आत पीएरर लिहा, ते चुकीचं कारण छापतं. निम्मं दुखणं तिथंच कळतं.

माझी अख्खी संध्याकाळ खाणारी चूक म्हणजे एफगेट्स, युजरनं टाइप केलेली ओळ वाचणारं फंक्शन. फाइलचं नाव युजरकडून घेत होतो आणि पीएरर सारखं 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणत होतं. वैतागून नाव चौकटी कंसात प्रिंट केलं, तर बंद होणारा कंस खालच्या ओळीवर! एफगेट्स एंटरसुद्धा नावाच्या शेपटीला बांधून देतं, आणि तशा नावाची फाइल अर्थातच नव्हती. शेवटच्या नव्या ओळीच्या जागी शून्य कॅरेक्टर ('\0', मजकूर संपल्याची खूण) ठेवलं आणि फाइल गेली. स्कॅनएफनं नाव घेतलंत तर हा त्रास नाही, पण मग नावातल्या पहिल्या स्पेसलाच गाडी थांबते.

विंडोजवर पाथमध्ये एकेरी बॅकस्लॅश लिहिला की 'टेम्प'चा टी त्यात अडकून टॅब होतो. बॅकस्लॅश दोनदा लिहा.

'परमिशन डिनाइड' आलं तर विंडोजवर आधी एफक्लोज, म्हणजे उघडलेली फाइल बंद करणं, राहिलंय का बघा. लिनक्सवर मात्र उघडी फाइलही निमूट डिलीट होते. नाव जातं, पण ती उघडून बसलेला शेवटचा प्रोसेस सोडेपर्यंत डिस्कवरची जागा सुटत नाही. भलामोठा लॉग उडवूनही डिस्क भरलेलीच दिसते ती यामुळे. कोण धरून बसलंय ते एलएसओएफ ही कमांड सांगते. आणि लिनक्सवर फाइलला 777 (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) देत बसू नका. डिलीट करायला परवानगी लागते ती फोल्डरवर, राइट आणि एक्झिक्यूट दोन्ही.

बाहेरची कमांड चालवणाऱ्या सिस्टिम फंक्शनला आरएम (लिनक्सची फाइल डिलीट करायची कमांड) देण्याचा शॉर्टकट तर नकोच. नावात स्पेस असली की आरएम त्याला दोन वेगळ्या फाइलींची नावं समजते, आणि युजरनं नावात सेमीकोलन घातला तर पुढची कमांड त्याची चालते.

रिमूव्हनं गेलेली फाइल रिसायकल बिनमध्ये सापडत नाही. म्हणून लूपमध्ये फाइली उडवायच्या असतील तर पहिल्या फेरीत मी रिमूव्हच्या जागी नुसतं प्रिंटएफ ठेवतो आणि कोणाकोणाची नावं येतायत ते बघतो.