देवराई आणि गायरान: पाणी कुठे जास्त मुरतं ते डब्याने बघा
दोन्हीकडून उघडा पत्र्याचा डबा घ्या, गावात विचारून देवराईत जा, पाला बाजूला करून डबा 5 सेंटीमीटर ठोका, अर्धा लिटर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते मोबाईलच्या टायमरवर बघा. मग तेच शेजारच्या गायरानात करा, गुरांच्या खुरांनी माती दाबलेली असते तिथे पाणी बराच वेळ नुसतं उभं राहतं, आणि पावसाळ्यात हेच पाणी माती घेऊन ओढ्याला जातं. दोन-तीन जागी करा, एकावर भरवसा नको. माती हातात घेऊनही बघा, देवराईची काळी, भुसभुशीत लागते कारण पाला तिथेच कुजून मुळांना परत मिळतो. हे चक्र तुटलं की काय होतं बघा: दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनमध्ये जंगल जाळून कुरण केलं की राखेमुळे सुरुवातीला गवत जोरात येतं, पण काही वर्षांत मातीतलं फॉस्फरस हे पोषकद्रव्य कमी पडून विरळ होतं, म्हणून पहिल्या हिरवेपणावर जाऊ नका प्लीज.